बाटलीतले शेत

(सांगली येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



बाईंच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला उभे राहणे म्हणजे माझ्यासाठी आजही तोंडी परीक्षाच आहे. बाईंनी आम्हाला आठवी ते दहावी रसायनशास्त्र शिकवले. वर्गात कोणी काही ठासून सांगितले की त्या चष्मा नाकावर ओढून एवढेच विचारायच्या, "कशावरून?" समोरच्या खुर्च्यांत त्यांच्या निदान दहा-बारा विद्यार्थिनी मला दिसताहेत. त्यांतल्या कोणी मध्येच हात वर केला तर मला नवल वाटणार नाही. करा खुशाल.

विषय संयोजकांनी दिला: सेंद्रिय त्वचाप्रसाधने, ओळख आणि फायदे. ‘फायदे’ या शब्दापाशी मी जरा अडखळले, कारण फायदा नेमका कोणाचा, हे त्यात लिहिलेले नाही. त्याकडे येईन. पण आधी एक डबी.

गेल्या दिवाळीत भाचीने मला चेहऱ्याला लावायची क्रीम आणली. काचेची डबी, बांबूचे झाकण, आत पन्नास ग्रॅम, किंमत साडेआठशे रुपये. पुढे हिरव्या अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ आणि एक पान. भाची म्हणाली, "आत्या, यात केमिकल अजिबात नाही." मी डबी उलटी केली. मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी होती आणि तिच्यातला पहिला शब्द होता ‘ॲक्वा’. म्हणजे पाणी. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक तेवढे शेवटी कसेही मांडता येतात. तेव्हा त्या डबीत सगळ्यांत जास्त काय होते, तर पाणी. आता पाणी काही शेतात पिकत नाही. त्याला खत घालत नाहीत, त्यावर फवारणी करत नाहीत. ते सेंद्रिय कसे असेल आणि बिगरसेंद्रिय तरी कसे असेल?

भाची म्हणाली, "तू ना, प्रत्येक गोष्टीत बिब्बा घालतेस." बिब्ब्याचे नाव तिने सहज घेतले, मला ते पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आधी शब्दाचे बघू. स-इंद्रिय, सेंद्रिय. ज्याला इंद्रिये आहेत, अवयव आहेत, ते. रसायनशास्त्रात हा शब्द आला तेव्हा समजूत अशी होती की सजीवांच्या शरीरातले पदार्थ प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत, त्यांना काही प्राणशक्ती लागते. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया बनवला आणि त्या समजुतीला तडा गेला. त्यानंतर सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे, असा अर्थ रुळला. बाईंनी आम्हाला शिकवला तो हाच. या अर्थाने पेट्रोलियम जेली सेंद्रिय आहे, डांबरगोळी सेंद्रिय आहे, ज्या पॅराबेनच्या नावाने आज बोटे मोडली जातात ते पॅराबेनही सेंद्रिय आहे. आणि आजीची मुलतानी माती मात्र असेंद्रिय! सनस्क्रीनच्या बाबतीत त्वचारोगतज्ज्ञ आजही ही भाषा वापरतात. ते ‘ऑरगॅनिक फिल्टर’ म्हणतात तेव्हा त्यांना कारखान्यात बनवलेली कार्बनी संयुगे म्हणायची असतात, आणि झिंक ऑक्साइडसारख्या खनिजाला ते ‘इनऑरगॅनिक’ म्हणतात. दुकानातल्या शेल्फवर हे नेमके उलटे वाचले जाते.

दुसरा अर्थ शेतीतला. तो अगदी नेमका आहे, कारण त्याला कागदपत्रांचा आधार आहे. आपल्याकडे २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम चालू आहे. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या देखरेखीखाली प्रमाणन संस्था शेताची तपासणी करतात. रासायनिक खत आणि कीटकनाशक आज बंद केले म्हणून उद्या माल सेंद्रिय ठरत नाही. हंगामी पिकाला पेरणीपूर्वी किमान दोन वर्षे आणि बहुवार्षिक पिकाला पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे शेत ‘रूपांतरणात’ काढावे लागते. नारळाच्या बागेला तीन वर्षे, हळदीच्या वावराला दोन. त्या काळात उत्पन्न कमी आणि भाव नेहमीचाच. समोर हळदवाले बसले आहेत, त्यांना मी हे सांगायला नको. शेजारच्या रानातून वाहून येणारे पाणी, हवेतून येणारी फवारणी, भाड्याच्या ट्रॅक्टरला चिकटलेले खत, या सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. हरिपूरची हळद साठवायची पेवे भरून वाहत होती तेव्हा हा सगळा खटाटोप कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

तेव्हा सेंद्रिय हे विशेषण शेताचे आहे. आता प्रश्न असा, की शेतावरून निघालेले हे विशेषण कारखान्यातून, मिक्सरमधून, साठ-सत्तर टक्के पाण्यातून बाटलीपर्यंत पोचते तेव्हा त्यातले किती उरते?

युरोपात यावर बरीच डोकेफोड झाली. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमधल्या पाच प्रमाणन संस्थांनी मिळून ‘कॉस्मॉस’ नावाचे एक मानक तयार केले. त्याचा नियम ऐका. दळणे, गाळणे, घाण्यावर काढणे अशा साध्या प्रक्रियांतून आलेल्या शेतमालाच्या घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय हवेत. पण संपूर्ण उत्पादनाच्या वजनात सेंद्रिय भाग किमान २० टक्के असला तरी चालतो. आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत, म्हणजे शाम्पू, फेसवॉश यांत, १० टक्के. पाणी आणि खनिजे सेंद्रिय धरता येत नाहीत, म्हणून ही सोय. यात लबाडी काही नाही. कॉस्मॉसवाले नेमकी टक्केवारी लेबलवर छापायला लावतात. पण ‘ऑरगॅनिक शाम्पू’ असे वाचल्यावर आपल्या मनात शंभर येतात. शंभरातले दहा कोणाच्या मनात येत नाहीत.

आपल्याकडे काय? सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठी २०२० साली स्वतंत्र नियम झाले. त्या नियमांत परवाना आहे, बॅच क्रमांक आहे, वापराची मुदत आहे, घटकांची यादी आहे. ‘ऑरगॅनिक’ची व्याख्या नाही. अन्नपदार्थांसाठी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे, पण ते खाण्याच्या वस्तूंसाठी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘प्युअर’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. बाईंचा ‘कशावरून’ सरकारी भाषेत आला म्हणा ना.

यात खोबरेल तेलाची एक गंमत आहे. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल हे खाद्यतेल की केशतेल, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे खटला चालला. प्रश्न अर्थातच कराचा: तेव्हा खाद्यतेलावर जीएसटी ५ टक्के होता आणि केशतेलावर १८. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केसांचे ठरत नाही. लेबलवर तसे म्हटलेले नसेल आणि खाद्यतेलाच्या अटी पाळल्या असतील तर ते खाद्यतेलच. आता बघा. तोच नारळ, तोच घाणा, तेच तेल. बाटलीवर ‘खाद्य’ लिहिले तर त्याच्या सेंद्रियपणावर अन्नखात्याची नजर. ‘केशतेल’ लिहिले तर ती नजर संपली. बायका बिचाऱ्या दोन्ही बाटल्या एकाच फडताळात ठेवतात, आणि गरज पडेल तशी तीच बाटली कढईतही रिकामी करतात.

असो. आता त्वचेकडे येऊ. मला जास्त बोलायचे आहे ते इथेच.

आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी दहा ते वीस मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कितीतरी कमी. पण हा थर भिंतीसारखा काम करतो. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरचे नको ते आत येऊ द्यायचे नाही, एवढे दोन नियम. ढोबळ मानाने ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) जड रेणू या भिंतीतून आत जात नाहीत. क्रीमच्या जाहिरातीतले कोलॅजेन सुमारे तीन लाख डाल्टनचे असते. ते दारातच बसून राहते. ‘त्वचेला लावलेले सगळे काही सेकंदांत रक्तात उतरते’ असे मोबाइलवर फिरणारे वाक्य खरे असते, तर दर पावसात भिजून आपण फुगलो असतो.

मग वरून लावलेल्या वनस्पतींचा फायदा होतो की नाही? होतो. पण तो कुठल्या रेणूमुळे होतो हे शोधले तरच समजतो. तेलाचेच घ्या.

माझ्या आजोळी सोलापूरकडे करडईचे तेल वापरत, खायला आणि अंगाला दोन्हीकडे. हिवाळ्यात पायांच्या भेगांना तेच. नंतर ते ‘जुनाट’ ठरले आणि ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या आल्या. आता त्वचेच्या भिंतीतला जो चुना आहे, त्यातली काही सिरॅमाइड्स बनवायला लिनोलिक आम्ल लागते. आणि करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात ते सुमारे पाऊण भाग असते. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलातही भरपूर. ऑलिव्ह तेलात मुख्य घटक ओलेइक आम्ल, आणि ते विटांमधल्या चुन्याची रचना विस्कटवते. इंग्लंडमधल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले तेव्हा त्वचेची भिंत दुबळी झाली आणि सौम्य लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. त्याआधी, २००५ साली, ढाक्याच्या शिशु रुग्णालयातला एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मुदतपूर्व जन्मलेल्या, कातडी अजून कच्चीच असलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने मालिश केले, तर रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाची शक्यता ४१ टक्क्यांनी कमी झाली. एवढासा जीव, आणि त्याची भिंत कशाने लिंपली, तर वाण्याकडे मिळणाऱ्या तेलाच्या जातीने.

यात सेंद्रिय शब्द कुठे आला? कुठेच नाही. करडई सेंद्रिय शेतातली असो की युरिया घातलेल्या, लिनोलिक आम्ल तेच. बी कोणते, वाण कोणते, तेल ताजे की खवट, यावर गुण ठरतो. बाजारात ओलेइक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही आले आहेत. तेव्हा बाटलीवर ‘करडई’ एवढे वाचूनही भागत नाही.

दुसरे उदाहरण बावचीचे. काही घरांत उटण्यात बावची घालतात. आयुर्वेदात तिचा उपयोग कोडावर. या बावचीच्या बियांतून १९६६ साली एक नवा पदार्थ वेगळा काढला गेला, आणि तो कुठे? आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. सुखदेव, गोवर्धन मेहता आणि नायक या तिघांनी तो शोधला आणि संस्कृत ‘बाकुची’वरून त्याचे नाव ठेवले बाकुचिऑल. पुढची काही दशके त्या नावाकडे प्रसाधनवाल्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मग २०१९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त एक चाचणी आली: ४४ जण, १२ आठवडे, काहींना अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, काहींना सुरकुत्यांवर नेहमी वापरले जाणारे रेटिनॉल, तेही अर्धा टक्का, रोज रात्री. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी सारखेच कमी झाले; रेटिनॉलवाल्यांना आग आणि कोंडा मात्र जास्त. ४४ माणसे म्हणजे फार नव्हेत, पण पुरावा आहे. आता बाकुचिऑलच्या इवल्याशा बाटल्या हजारांत विकल्या जातात, आणि विकणाऱ्यांत पुण्याचे नाव घेणारा मला अजून भेटलेला नाही.

पण म्हणून कोणी उद्या बावची कुटून तोंडाला लावू नका. त्याच बियांत सोरालेन असते. ते त्वचेला उन्हाबाबत हळवी करते; कोडावरच्या उपचारात नेमका त्याचाच उपयोग होतो, वैद्याच्या देखरेखीखाली, मोजलेल्या उन्हात. बाकीच्यांना त्याने फोड येतील, काळे डाग राहतील. बाकुचिऑलच्या चांगल्या बाटलीत सोरालेन काढून टाकलेले असते. ‘जसेच्या तसे निसर्गातून’ हे वाक्य ऐकायला गोड, पण इथे खरा गुण त्या काढून टाकण्यात आहे.

आणि आता बिब्बा. समोरच्या आज्यांना ‘बिब्बा उतणे’ म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. परीट कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत; ती धुतली तरी जात नसे, आणि कोणाकोणाच्या मानेवर, कमरेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी चट्टा उठे. कोकणात ओल्या काजूच्या सालीतले तेल बोटांची कातडी सोलून काढते; काजू सोलणाऱ्या बायकांचे हात पाहा. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. रानातल्या बिब्ब्यावर कोणी कधी फवारणी केलेली नसते. त्याच्याइतका निर्भेळ, नैसर्गिक, बिनखताचा पदार्थ तुम्हाला सापडायचा नाही. त्याची क्रीम करून हिरवे पान छापा पाहू!

लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या मुलींच्या गालांवरचे काळे ओघळ मी कॉलेजात पाहिले आहेत. लव्हेंडर, संत्रे, लिंबू यांच्या सुगंधी तेलांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेत राहून बदलतात आणि मग ॲलर्जी करतात. युरोपात असे घटक ठरावीक प्रमाणाबाहेर असले तर लेबलवर नावानिशी लिहावे लागतात, ते फुलातून आलेले असोत की कारखान्यातून. कातडी उगमस्थान विचारत नाही.

‘केमिकल नाही’ या वाक्याची एक किंमतही मोजली गेली आहे. पाणी असलेल्या क्रीमला परिरक्षक लागतोच. नाही तर काही दिवसांत तीत जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि बोट घालून वापरायच्या डबीत तर लवकरच. पूर्वी त्यासाठी पॅराबेन वापरत. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेनचे अंश सापडल्याचा लेख आला. निरोगी ऊतींशी त्यात तुलना नव्हती, पॅराबेनमुळे कर्करोग होतो असा निष्कर्षही नव्हता. पण भीती पसरली. मग ‘पॅराबेनमुक्त’ची लाट आली आणि त्यांच्या जागी इतर परिरक्षक आले. त्यांतल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या एकाने एवढ्या लोकांना पुरळ आणले, की २०१३ साली अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. न धुता ठेवायच्या क्रीममधून युरोपने तो काढून टाकला. आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेने, जरा मिश्किलपणे, पॅराबेनला ‘वर्षाचा बिगर-ॲलर्जीकारक’ असा किताब दिला! युरोपने पॅराबेनच्या काही प्रकारांवर बंदी घातली आहे आणि बाकीच्यांना मर्यादा ठरवून दिली आहे. त्या मर्यादेत ते वापरता येतात. प्रमाणित सेंद्रिय क्रीममध्येही परिरक्षक असतात: बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, बेंझाइल अल्कोहोल. असायलाच हवेत. बचत गटाच्या प्रदर्शनात ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ लिहिलेले कोरफडीचे जेल तीन महिने टिकते असे कोणी सांगितले, तर एकतर त्यात परिरक्षक आहे किंवा तुमच्या डबीत आणखी कोणीतरी राहायला आले आहे. बचत गटाच्या भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे, की विक्रीसाठी क्रीम बनवायला परवाना लागतो. कोरडे उटणे, साधे तेल या गोष्टी निदान कुजत नाहीत.

हळदीवर थोडे बोलावेच लागेल. नाही तर सांगलीकर मला उठू देणार नाहीत. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. कसे? ‘आमची आजी लावायची’ एवढे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ, छापील लेख असे लेखी पुरावे मांडावे लागले. आपण तेव्हा केवढे खूश झालो होतो! मला वाटते, जो पुरावा आपण अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे मांडला, तोच आपल्या बाजारातल्या हळदीच्या क्रीमकडेही मागावा. शिक्षकी पेशात येण्यापूर्वी मी चार वर्षे एका प्रसाधनांच्या कारखान्यात काढली. नाव घेत नाही. तिथल्या हळदीच्या क्रीममध्ये हजार किलोच्या बॅचला हळदीचा अर्क पडे एक किलो. पिवळा रंग वेगळ्या डब्यातून यायचा, कारण हळदीचा स्वतःचा रंग उजेडात उडतो. लेबलवर हळकुंडाचे चित्र छान होते. तो एक किलो सेंद्रिय असता, तर वापरणारीच्या गालाला काय फरक पडला असता? माझ्या हिशेबाने, काहीच नाही.

गोरेपणाच्या क्रीमबद्दल एकच. केरळातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण नोंदवले. त्यांतले १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. दोषी होता पारा. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली, तर आपल्या नियमानुसार प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. पाराही जमिनीतून, हिंगुळातून निघतो, तोही ‘नैसर्गिक’च. ज्या डबीवर परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती हातात धरू नका. मग तिच्यावर कितीही पाने छापलेली असोत.

आता त्या अडलेल्या शब्दाकडे येते. फायदा कोणाचा?

मघाशी म्हटले, की लावणारीच्या त्वचेला सेंद्रिय शिक्क्याने फारसा फरक पडत नाही. थोडा पडतो. साली दाबून काढलेल्या लिंबूवर्गीय सुगंधी तेलांत कीटकनाशकांचे अंश साठू शकतात, तिथे सेंद्रिय फळ बरे. प्रमाणित मालाचा माग काढता येतो, भेसळीला जागा कमी राहते. पण हे सगळे वरकड. खरा हिशेब दुसऱ्याच एका त्वचेचा आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या विषाने आत शिरायला नाक-तोंडाइतकीच कातडीची वाट धरली. पाठीवर गळका पंप, घामाने भिजलेला सदरा, उघडे पाय, कानाच्या उंचीला पोचलेली पराटी. मघाची ती भिंत आठवा. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे रेणू लहान असतात, तेलात विरघळतात. त्यांना ती अडवू शकत नाही. आणि हो, रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव ‘सेंद्रिय’नेच सुरू होते.

सेंद्रिय शेतीचा त्वचेशी सगळ्यांत थेट संबंध कुठे असेल तर तो या पाठीशी आहे. तुमच्या मेकअपच्या कापसाचा बोळा सेंद्रिय असेल, तर तुमच्या गालाला कळणारसुद्धा नाही. पण कुठेतरी एक पाठ पंपाखाली वाकलेली नसेल. त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला मी तयार आहे. मोजतेही. फक्त ते चार पैसे त्या पाठीपर्यंत पोचतात की बांबूच्या झाकणात जातात, हे मला बाटलीवर वाचायचे आहे. टक्के किती, प्रमाणन कोणाचे, घटक कुठला. कॉस्मॉसवाले निदान टक्के छापतात.

भाचीची ती डबी मी वापरली. चांगली होती. त्वचा मऊ झाली, तिच्यातल्या ग्लिसरीनने. ते यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. औषधाच्या दुकानातली ग्लिसरीनची बाटली याहून कितीतरी स्वस्त मिळते हे मी भाचीला सांगितले नाही. दिवाळी होती.

बाहेर पडताना मागच्या टेबलाशी थांबा. तिथे मी सहा बाटल्या मांडल्या आहेत. कंपन्यांची नावे कागद चिकटवून झाकली आहेत, घटकांची यादी उघडी आहे. शेजारी बाईंचे भिंग ठेवले आहे, त्यांच्या मुलीने मुद्दाम आजच्यासाठी आणून दिलेले. नवी कोणतीही वस्तू घेतलीत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस लावून पाहा, मग चेहऱ्याला. आणि त्या टेबलावरच्या चौथ्या बाटलीत शेतातून आलेला घटक कोणता, हे ज्याला सापडेल त्याने मला येऊन सांगावे. मला अजून सापडलेला नाही.